नदीपलीकडचे दोघे

टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोच्या घरात, बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर, एक सिंह जांभई देत होता आणि त्याच्यासमोर चहाचे कप घेतलेली पाच-सहा वयस्कर मंडळी स्थळ बघायला आल्यासारखी बसली होती.

"दात चांगले आहेत," नागपूरचे काका म्हणाले.

"दातांचं काय करायचंय काका? मिशा बघा, मिशा!" मी म्हटलं.

"मिशाच पाहून राहिलो ना बाप्पा. तुम्ही वरडू नका, तो दचकते."

ही शनिवारची सकाळ होती, आणि असे शनिवार त्या उन्हाळ्यात आमच्याकडे ठरून गेले होते. नवरा अशा वेळी गॅरेजमध्ये जातो. तिथे तो काय करतो हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नाही, पण सिंह आले की त्याला स्क्रूड्रायव्हर आठवतो.

मी पेशाने टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्या गोड आवाजात त्यांना सांगायच्या. पन्नाशी दारात उभी, मुलगा दुसऱ्या राज्यात कॉलेजला, आणि नाटकात काम करायची हौस इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वर्षातून एकदाच भागते. अशा बाईच्या घरी सिंह आले तर ती दार लावून घेईल का?

सिंह आले ते एका मुलीच्या मागून. मुलगी सांगलीची, इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारी, आणि आमच्या मुलाच्या रिकाम्या खोलीत राहायला आलेली. पहिल्या दिवशी तिने बॅग उघडली तेव्हा कपड्यांच्या वर चिखलाने रंगलेले बूट होते. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "मावशी, हे वॉश नाही करायचे हं. इट्स गुड लक." मला ती तिथेच आवडली. आमच्या कॉलनीत कुणाचे बूट मळत नाहीत. मळायला जमिनीवर चालावं लागतं, आणि आम्ही गॅरेजमध्येच गाडीत बसतो आणि गॅरेजमध्येच उतरतो.

ती आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात सिंहांचा अभ्यास करत होती. जेवताना सांगायची, आणि मी तोंडातला घास विसरून ऐकायची. सिंहांच्या घरात बायका कायमच्या आणि पुरुष बदलीवर. कळप म्हणजे आई, मुली, मावश्या, भाच्या. जमीन त्यांची, बिऱ्हाड त्यांचं. नर येतात, दोघे-तिघे मिळून, बहुतेक भाऊ-भाऊच. ते काही वर्षं रुबाब करतात आणि मग त्यांच्याहून तरणे कुणीतरी येऊन त्यांना हाकलतात.

"मग रडायचं काय त्यात?" मी विचारलं. "आमच्या ऑफिसातही मॅनेजर असेच बदलतात."

"मावशी, नवे आले की आधीच्यांची पिल्लं मारून टाकतात."

 नवऱ्याने पापड मोडला, त्याचा आवाज घरभर झाला.

तिचा अभ्यास नेमका तिथे होता. लहान पिल्लं असलेली सिंहीण, परके नर जवळ आलेत हे कळल्यावर, ते येऊन ठेपायच्या आधीच्या दिवसांत काय करते? लपवते? पळते? की इतर बायकांना गोळा करून उभी राहते? हे फारसं कुणाला बघायला मिळत नाही, कारण परके कधी येणार हे आधी कुणाला ठाऊक नसतं. आले, गोंधळ झाला, मग माणसं तिथे पोचतात.

आणि आता तिच्या अभयारण्यात काहीतरी होऊ घातलं होतं. तिथल्या नदीच्या अलीकडे एक कळप होता, त्यात एक सिंहीण नुकतीच व्यालेली, दोन पिल्लं. त्या कळपाचे दोन नर. झाडांना बांधलेले कॅमेरे होते, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे. तिथला एक माणूस त्यातली कार्डं काढून फोटो पाठवायचा. त्या फोटोंत नदीच्या पलीकडे दोन मोठे नर दिसायला लागले होते. प्रश्न एवढाच, की पलीकडचे दोघे म्हणजे अलीकडचेच दोघे, नदी ओलांडून हिंडायला गेलेले? की हे दुसरेच कुणी?

तेच असतील तर पिल्लांना धोका नाही, बापच ते. दुसरे असतील तर ती ज्याची वाट बघत होती ते सुरू झालं होतं, आणि तिने ताबडतोब तिथे असायला हवं होतं.

यात अडचण काय? तिकीट काढायचं आणि जायचं. असं कुणी म्हणेल, तर त्या माणसाने आमच्यासारखं व्हिसावर आयुष्य काढलेलं नाही. तिच्या पासपोर्टातला अमेरिकेचा शिक्का संपलेला होता. इथे राहून शिकायला त्याने काही बिघडत नाही. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवा शिक्का हवा, त्यासाठी मुंबईला जाऊन मुलाखत द्यायला हवी, आणि मुंबईची तारीख मिळणं म्हणजे काय ते आमच्या मंडळात कुणालाही विचारा. जेवण थांबवून तासभर सांगतील. विद्यापीठाच्या ऑफिसने तिला सांगितलं होतं, शक्यतो बाहेर जाऊ नकोस. गेली आणि अडकली तर इथलं काम जाणार, प्रयोगशाळेतली जागा जाणार.

म्हणून ती टेक्सासमध्ये बसून आफ्रिकेतले सिंह बघत होती. बसून म्हणजे बोलायचं म्हणून. बसत ती नसेच. पाय हलवायची, जिने चढायची-उतरायची, मायक्रोवेव्हसमोर उभं राहून खायची. फोटो हजारो, त्यातले बहुतेक गवताचे. एखादा नुसत्या शेपटीचा. कॉम्प्युटर तिला 'हा सिंह आहे' एवढं सांगायचा. कुठला सिंह, हे माणसाच्या डोळ्यांनी बघावं लागे.

आणि डोळे तर आमच्याकडे भरपूर!

आमच्या भागात उन्हाळ्यात आई-वडिलांचं पीक येतं. पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून येतात. मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं समर कॅम्पला, आणि हे मोठ्ठ्या थंडगार घरात. बाहेर आग. गाडी चालवता येत नाही. पहाटे फुटपाथवर एक चक्कर मारली, डिशवॉशर रिकामा केला, की दिवस संपला. तेव्हा घड्याळात सकाळचे नऊसुद्धा झालेले नसतात. ही माणसं आतून किती कावलेली असतात हे मला माहीत होतं. मला सुट्टी शनिवारी, म्हणून दर शनिवारी मी शाळेच्या बससारखी फिरून त्यांना गाडीत भरायला लागले.

मुलीने त्यांना पहिल्या दिवशी नीट शिकवलं. सिंहाच्या मिशीचा प्रत्येक केस जिथून उगवतो तिथे एक काळा ठिपका असतो. ठिपक्यांच्या ओळी असतात. सर्वांत वरच्या ओळीत एखाद-दोनच ठिपके, आणि ते खालच्या ओळीच्या नेमके कुठे येतात ते प्रत्येक सिंहाचं वेगळं. जन्मभर बदलत नाही. डाव्या गालाची तुलना डाव्या गालाशी, उजव्याची उजव्याशी. एक फोटो दोघांनी बघायचा, पण वेगवेगळा, आणि आपसात बोलायचं नाही.

"बोलायचं नाही?" पुण्याच्या काकूंनी विचारलं. काकू आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. "मग आम्ही इथे आलो कशाला?"

सगळे हसले. मीही हसले. मुलगी हसली नाही, पण तिला वाटलं काकू विनोद करतायत.

पुढचे काही शनिवार मी जगातली सर्वांत सुखी बाई होते. काकू त्या व्यालेल्या सिंहिणीला 'बाळंतीण' म्हणायच्या. आल्या आल्या पहिला प्रश्न: "बाळंतिणीचं काय? हलली का जागेवरून?" नागपूरचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना प्रत्येक कॅमेरा कुठल्या झाडावर, किती उंचीवर, त्याची बॅटरी किती चालते यात सिंहापेक्षा जास्त रस. हातातला फोटो निरखताना चष्मे वर जात, खाली येत. सोमवारी मी ऑफिसात मीटिंगला बसले की माझ्या डोळ्यांसमोर ठिपके. एकदा आमच्या डायरेक्टरसाहेबांच्या वरच्या ओठाकडे मी इतकी टक लावून पाहिलं की त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

मग निकाल लागला. काकूंनी सांगितलं, पलीकडचे दोघे म्हणजे अलीकडचेच दोघे. काकांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं. इतरांनीही माना डोलावल्या. दोघा-दोघांचे निकाल जुळले, आणि नियम तर तोच होता.

मुलीने हळूच श्वास सोडला. ती एक तिकीट धरून बसली होती, ते तिने तिथल्या तिथे कॅन्सल केलं. मी शिरा केला. सांगलीला तिच्या आईला फोन लावला. "जात नाहीये ती," असं मी म्हटल्याबरोबर पलीकडून "देव पावला" असं ऐकू आलं आणि मागून कुकरची शिट्टी.

सगळं छान झालं होतं. फक्त मुलगी छान नव्हती. शिरा खाऊन ती मागच्या अंगणात गेली आणि कुंपणाला लागून चालत राहिली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्या उन्हात! मी काचेच्या दारातून बघत होते.

"काय झालं हिला?" नवऱ्याने विचारलं.

"जायचं नाही म्हणून आनंद झालाय," मी म्हटलं.

"हा असा दिसतो?"

पुढच्या शनिवारी ती काकूंच्या शेजारी येऊन बसली. खरं तर ती दुसऱ्याच कामाला आली होती. तिला आपल्या लेखात लिहायचं होतं की फोटो ओळखण्याची पद्धत काय होती, म्हणून तिने सहज विचारलं, "काकू, या दोघांना मॅच करताना तुम्ही आधी डावा गाल घेतला की उजवा?"

"गाल कशाला?" काकू म्हणाल्या. "कपाळ बघ की. हा अलीकडचा धाकटा. आणि हा पलीकडचा. एका साच्यातून काढल्यासारखे. डोळ्यांची ठेवण बघ. आणि ही जी नाराजी आहे ना तोंडावर, ती तर हुबेहूब."

"पण ठिपके?"

"ठिपके मला या चष्म्यातून कुठे दिसतात गं? मी तोंडवळ्यावरून ओळखते. माझ्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला मी दारातूनच सांगितलं होतं, नाक आजोबांचं, कान मामाचे, आणि हनुवटी काही आपल्याकडची नाही. आजवर माझं चुकलेलं नाही."

मुलीने काकांकडे पाहिलं. काका कॅमेऱ्याच्या पट्ट्याविषयी कुणाला तरी समजावत होते.

"काका, तुम्ही तर ठिपके मोजले होते ना?"

"मोजले की. पहिल्या दोन फोटोंचे मोजले."

"आणि मग?"

"मंग ह्या बोलल्या, तोच आहे म्हणून. मी म्हटलं, तोच आहे. त्यायनं शाळेत शिकवलं जन्मभर, त्यायच्याशी वाद कोण घालते?"

मला हसू फुटलं. खरंच सांगते, आवरेना. मी आयुष्यभर ऑफिसात हेच पकडत आले आहे, की दोघांनी तपासलं असं कागदावर असतं आणि प्रत्यक्षात एकाने तपासलेलं असतं आणि दुसऱ्याने चहा प्यायलेला असतो. पण ते कुठे कोपऱ्यात बसलेल्या कंटाळलेल्या पोरांचं. हे माझ्या सोफ्यावर, माझ्या हातचा चहा पिऊन! आणि चुकीची तऱ्हा तर बघा. जगात दुसरं कुणी सिंह बघून त्याचं नाक कुणाच्या घराण्यातलं ते ठरवेल का? आम्ही बाळ बघायला गेलो की बाळ बघतच नाही, त्याच्या अवयवांची वाटणी करतो.

मग मी मुलीचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं.

तिने लॅपटॉप ओढला. पलीकडच्या दोघांचे जे थोडे स्वच्छ फोटो होते ते टीव्हीवर मोठे केले.  डावा गाल, शेजारी डावा गाल. वरच्या ओळीतला ठिपका. एका फोटोत तो पुढच्या बाजूला होता. दुसऱ्यात चांगला मागे, आणि त्याच्या शेजारी आणखी एक. मलासुद्धा दिसलं. दुसऱ्या नराचंही तसंच. हे चार सिंह होते. दोन आणि दोन.

"मग इतके सारखे कसे दिसतात?" काकूंनी हळू आवाजात विचारलं.

"दे माइट बी रिलेटेड. चुलत असतील. किंवा नसतीलही. डीएनएशिवाय नाही सांगता येणार, काकू."

"भावकीच असणार. जमिनीवरून मारामाऱ्या काय परक्यांशी होतात? आमच्याकडेच बघ, माझ्या दिरांनी..."

"काकू," मी म्हटलं, "दीर नंतर."

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं, "मग बाळंतिणीचं काय आता?"

 शेवटच्या फोटोंत पलीकडचे दोघे पाण्याच्या अगदी काठाशी उभे होते. तिथे हिवाळा, कोरडे दिवस. नदी आटत चाललेली. मुलगी म्हणाली, आणखी थोडं पाणी उतरलं की त्यांना पायसुद्धा भिजवावे लागणार नाहीत.

मंडळींना घरोघरी सोडून मी परत आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या मधोमध असलेल्या ओट्याभोवती फेऱ्या मारत होती. नवरा गॅरेजमधून बाहेर आला होता, यावरूनच प्रकरणाचं गांभीर्य कळावं. तो टेबलाशी बसला होता, हातांची घडी घालून. आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं काढली आहेत की 'शिक्का' हा शब्द ऐकला तरी तो उठून पासपोर्टांचा खण तपासतो. त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात आम्ही जाऊ की नको करत राहिलो होतो. त्याविषयी तो बोलत नाही.

"जाऊ नकोस," तो तिला म्हणाला. "सिंह पुढच्या वर्षीही असतील."

"काका, ही लिटर नसेल. ही पिल्लं नसतील."

"पण तू तरी असशील. इथे."

ती माझ्याकडे वळली. "मावशी, तू सांग ना. तू काहीच बोलत नाहीयेस. यू ऑल्वेज से समथिंग."

खरं होतं. माझ्या आतली नाटकातली बाई केव्हाची विंगेत उभी राहून 'जा, जा' म्हणत होती, आणि त्या बाईवर माझा अजिबात विश्वास नाही. तिला पडदा वर गेलेला आवडतो. पुढे काय होतं ते दुसऱ्यांनी निस्तरायचं असतं. म्हणून मी म्हटलं, "मी टेस्टर आहे बाळ. काय करावं ते मला नाही सांगता येत. काय काय बिघडू शकतं ते सांगते."

"सांग."

मी सांगितलं. तारीख मिळणार नाही. मिळाली तर फाइल अडवून ठेवतील. प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्या कुणाला देतील. तुझ्या गाइड सरांचं मन बदलेल. आई आजारी पडेल, खरी किंवा खोटी. तू तिथे पोचायच्या आत सगळं उरकलेलं असेल आणि हाती काहीच लागणार नाही. हे सगळं मी ऑफिसात सांगते तशा गोड आवाजात सांगितलं. ती थांबून ऐकत होती. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचे पाय स्थिर होते.

"आणि नाही गेले तर काय बिघडेल?"

मी विचार केला. प्रामाणिकपणे केला. "काहीच नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. आणि जिना चढून वर गेली. कपाटातले ते चिखलाचे बूट बाहेर काढल्याचा आवाज आला. 

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला विमानात बसवलं. तिने आईला कळवलं असणार, कारण थोड्याच वेळात तिच्या फोनवर सांगली. तिच्या आईचा आवाज मी लांबूनच ऐकत होते, वाक्य नाही, नुसती चाल. ती चाल मला पाठ आहे. माझ्या आईनेही ती अनेक वर्षं वाजवली. मग तिने खाली येऊन फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही तरी समजावा तिला," तिच्या आई मला म्हणाल्या. "तुमच्या घरात राहते."

"वहिनी, तुम्ही तिला जन्मापासून समजावताय. किती यश आलं?"

त्या फणकारल्या. मग, रागातच: "तिथे थंडी असते का?"

विमानतळावर नेताना गाडीत आम्ही तिघं होतो, काकूंनी दिलेलं मेतकूट होतं आणि काकांनी सुचवलेल्या जादा बॅटऱ्या. हायवेवर नेहमीसारखी गर्दी. मुलगी पुढच्या सीटवर बसून दाराच्या हँडलवर बोटं वाजवत होती. उतरल्यावर तिने मला मिठी मारली, नवऱ्याच्या पाया पडली आणि मागे न बघता आत गेली. नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला, "मी हे केलं नसतं." पुढच्या सिग्नलला म्हणाला, "मला हे जमलं नसतं." ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत हे त्याला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस माझे फोनवर गेले. तिथे संध्याकाळ झाली की इथे सकाळ, म्हणजे बरोबर माझ्या मीटिंगांची वेळ. ती कॅम्पवर परतली की निरोप यायचे. पलीकडचे दोघे काठावर. रात्रभर डरकाळ्या. अलीकडच्यांनी उत्तर दिलं. आज उत्तर दिलं नाही. बाळंतीण कळपापासून लांब राहायला लागलीये. मला एका जागी बसवेना. हेडफोन लावून ऑफिसच्या कॉरिडॉरमधून चालत मीटिंगा करायला लागले. लोकांना वाटलं मी वजन कमी करतेय. काकू रोज फोन करायच्या. "हलली?" एवढंच. मी म्हणायची, "थोडी." आणि त्या ठेवून द्यायच्या.

मग एक दिवस निरोप आला, ते नदी ओलांडून आले. त्यानंतर काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मधल्या वेळात एक वेगळाच चमत्कार झाला. तिला मुंबईची तारीख मिळाली. कुणीतरी रद्द केलेली असणार. आमच्यातली अर्धी मंडळी आयुष्यभर अशा तारखेची वाट बघत कॉम्प्युटरसमोर बसतात. तिच्या आईचा मला निरोप, चार फुलांसकट. तारीख इतकी जवळची होती की तिने त्याच दिवशी तिथून निघायला हवं होतं. मी मनातल्या मनात तिची खोली झाडलीसुद्धा.

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये धावले, कारण आत मला ओरडता आलं नसतं. डांबर इतकं तापलेलं की चपलेच्या तळव्यातून चटके बसत होते.

"निघालीस का?" मी विचारलं.

"मावशी, अलीकडचे दोघे गेले. एक लंगडत होता. दे जस्ट लेफ्ट. आणि ती पिल्लं घेऊन नाहीशी झालीये. कळपात नाही. पण मारलेली पिल्लं कुठे मिळाली नाहीत. काल खडकांपाशी तिच्या पावलांचे ठसे मिळाले आणि त्यात एक छोटा ठसा."

"एकच?"

"एकच मिळाला. दुसरा असेल. जमीन कडक आहे तिथे. मावशी, ती लपवतीये, तिथेच कुठेतरी, आणि ते दोघे रोज त्या बाजूला चाललेत. हेच बघायला आले होते मी."

"आणि मुंबई?"

 मागे कुणीतरी जीप सुरू केली.

"मी तारीख सोडली," ती म्हणाली. "सकाळीच."

आता चिडायची पाळी माझी होती. मी काय काय बोलले ते आठवत नाही. मूर्ख, हट्टी, आईचा विचार नाही, तुझ्या काकाचं ऐकायला हवं होतं, सगळं. गाडीत बसायला निघालेला एक गोरा माणूस थबकून बघायला लागला. मी त्याच्याकडे हात हलवून स्मितहास्य केलं आणि पुन्हा मराठीत ओरडायला लागले. आणि ओरडताना मला कळत होतं की माझे दोन्ही पाय नाचल्यासारखे हलतायत, आणि ते काही फक्त डांबरामुळे नव्हे.

"मावशी, ठेवते. जीप निघाली." आणि फोन बंद.

मी अजून तिथेच, तर पुन्हा वाजला. सांगली.

"निघाली का ती?" आईंनी विचारलं.

खोटं बोलायला मला एरवी काही अडचण येत नाही. या वेळी जमलं नाही. "नाही वहिनी. तारीख सोडली तिने."

पलीकडे या वेळी कुकर नाही, शिट्टी नाही, काही नाही. मी फोन कानावर दाबून उभी. माझ्या मागे ऑफिसचं सरकतं दार कुणाच्या तरी येण्याने उघडलं आणि मिटलं.

"म्हणजे आता कधी येईल?"

"माहीत नाही."

"तिकडची जागा जाईल ना तिची?"

"जाईल कदाचित."

 मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आणि त्या बाईची पिल्लं? आहेत का?"

 म्हणजे सांगलीतही कुणीतरी रोज विचारत होतं तर.

"एकाचा ठसा मिळालाय," मी म्हटलं. "दुसरं शोधतायत."

"मग शोधू दे आधी," आई म्हणाल्या. आवाज अजून रागातलाच होता. "पुढचं पुढे बघू. जेवते का तिथे नीट, ते विचारलंत?"

ते मी विचारलं नव्हतं.